प्रचारातला ‘स्वच्छ कोळसा’ : मत मागायला येणाऱ्यांना आपण काय विचारायचं?

कृष्णाकाठ_मास्तर (कराड)

झेडपीचा प्रचार रंगात आलाय. परवा आमच्या भागात कोपरा सभा झाली. पाणंद रस्ते, शाळेच्या खोल्या, नळपाणी योजना असं सगळं झाल्यावर वक्ते विजेवर आले. ‘आता स्वच्छ कोळशाचं तंत्रज्ञान आलंय, प्रदूषणाची चिंता नको आणि विजेचीही नको,’ असं त्यांनी ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. सभा सुटल्यावर काही जुने विद्यार्थी भेटले आणि विचारू लागले, ‘सर, हे खरं का?’ उभ्या उभ्या सांगून संपणारं हे उत्तर नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव कुणी घेऊ नये ही विनंती. मुद्दा विजेचा आहे, त्यावरच बोलू.

दगडी कोळसा जळला की मुख्यतः राख, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, थोडा पारा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. राखेवर जुना आणि पक्का इलाज आहे. चिमणीच्या आधी ईएसपी नावाची यंत्रणा असते, तिच्यातल्या विद्युतभारित पत्र्यांवर राखेचे ९९ टक्क्यांहून जास्त कण चिकटतात. सल्फरसाठी एफजीडी असतं. त्यात धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारतात आणि त्यातून जिप्सम मिळतं. कार्बन डायऑक्साइडचं मात्र अवघड आहे. शाळेत शिकलेला हिशेब आठवा. १२ भाग कार्बनला ३२ भाग ऑक्सिजन जोडला जातो. म्हणजे एक किलो कार्बन जाळला की साडेतीन किलोंहून जास्त वायू तयार होतो. तो पकडायचा, दाबून नळातून न्यायचा आणि जमिनीच्या पोटात कायमचा कोंडायचा. एवढ्या उठाठेवीत त्या केंद्राच्या स्वतःच्याच विजेतला पाचवा ते चौथा हिस्सा खर्ची पडतो.

सभेत ‘स्वच्छ’ म्हणताना यातलं नेमकं काय स्वच्छ केलं जाणार, हे कुणी सांगत नाही. ईएसपी बसवलेलं केंद्रही त्यात येतं आणि कार्बन पकडणारंही. दोन्हींच्या खर्चात आणि परिणामात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे प्रचारात पहिल्यांदा घडतंय असं नाही. अमेरिकेतली २००८ ची अध्यक्षीय निवडणूक मुद्दाम अभ्यासण्यासारखी आहे. तिथल्या कोळसा, रेल्वे आणि वीज कंपन्यांनी मिळून एक संघटना उभी केली होती आणि तिने जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर खर्च केले. उमेदवारांच्या दूरचित्रवाणीवरच्या वादफेऱ्यांचं प्रायोजकत्व घेतलं, सभांच्या बाहेर माणसं उभी करून ‘क्लीन कोल’ लिहिलेल्या टोप्या आणि शर्ट वाटले. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया ही चुरशीची राज्यं, आणि तिथे कोळशावर पोट असलेली माणसं भरपूर. मग काय, दोन्ही बाजूंना हा मुद्दा उचलावाच लागला. रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनी या तंत्रज्ञानासाठी दरवर्षी दोन अब्ज डॉलर देण्याचं वचन दिलं, डेमोक्रॅट उमेदवार ओबामांनी कार्बन पकडणारी पाच मोठी केंद्रं उभारण्याचं. ओबामांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार बायडेन ओहायोत कोळशाच्या केंद्रांविरुद्ध एक वाक्य बोलून गेले, तर ते सावरता सावरता त्यांच्या प्रचारयंत्रणेच्या नाकी नऊ आले.

निवडणूक नोव्हेंबरात झाली. २२ डिसेंबर २००८ ला टेनेसी राज्यात किंगस्टन इथल्या वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि १०० कोटी गॅलनहून जास्त राखेचा चिखल घरांवर आणि नदीत गेला. चिमणीतून न सुटलेली राख कुठे जाते, हे तेव्हा जगाला दिसलं.

आणि वचनांचं काय झालं? ओबामांच्या आधीचे अध्यक्ष बुश यांनी २००३ मध्ये जाहीर केलेला फ्यूचरजेन हा कार्बन पकडणारा प्रकल्प खर्च वाढला म्हणून २००८ च्या जानेवारीत थांबवला गेला, ओबामांच्या काळात पुन्हा सुरू झाला आणि २०१५ मध्ये कायमचा बंद पडला. मिसिसिपीतला केम्पर प्रकल्प तर सात अब्ज डॉलरच्या वर गेला. २०१७ मध्ये त्यात कोळसा वापरणं सोडून दिलं आणि २०२१ मध्ये कोळशापासून वायू करणारा तो भाग सुरुंग लावून पाडला. टेक्सासमधला पेट्रा नोव्हा चालला, पण पकडलेला वायू तेलविहिरीत सोडून जास्त तेल काढायचं, हा त्याचा धंदा होता. २०२० मध्ये तेलाचे भाव पडले तसा तो बंद झाला, २०२३ मध्ये परत सुरू. कॅनडातलं बाउंड्री डॅम केंद्र २०१४ पासून कार्बन पकडतंय, पण तिथेही तेलविहिरींचाच आधार.

२००८ मध्ये अमेरिकेची जवळपास निम्मी वीज कोळशावर होती, आज पाचव्या हिश्शाहून कमी आहे. स्वस्त नैसर्गिक वायू आला, मागोमाग वारा आणि ऊन आलं. तरीही २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारात हाच मुद्दा होता आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी त्यावर अध्यक्षीय आदेश काढला. खाणकामगारांची मतं खरी आहेत, त्यांची भीतीही खरी आहे. म्हणूनच त्यांना धड सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्याकडे काय विचारायचं ते बोला.

रेठऱ्याचा_ऊसवाला

मास्तर, लेख आवडला. पण आमचा प्रश्न वीज कशापासून होते याच्या आधी, ती कधी येते हा आहे. थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला बारा वाजता मोटर चालू करायची आणि बॅटरी घेऊन सरीत उतरायचं. दारं धरताना पायाखाली काय येईल सांगता येत नाही. आमच्या बाजूला उसात बिबट्या व्यालेली सापडते हे आता नवीन राहिलेलं नाही. माझ्या चुलतभावाला पाटाच्या कडेला घोणस चावली, दवाखान्यात वेळेत पोचला म्हणून वाचला.

साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ च्या एप्रिलपासून मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत केली, त्याबद्दल तक्रार नाही. पण फुकटची वीज रात्री दोनला आली तर तिची किंमत घरातल्या माणसाला विचारा. माझी आई अंथरुणावर बसून राहते मी परत येईपर्यंत.

तेव्हा कोळसा स्वच्छ का अस्वच्छ हे नंतर. दिवसा आठ तास सलग देणार का, एवढं सांगा.

बॉयलर_अण्णा (विश्रामबाग, सांगली)

मी राज्यातल्या औष्णिक केंद्रांत बॉयलर विभागात नोकरी करून निवृत्त झालो. मास्तरांनी तंत्राची माहिती बरोबर दिली आहे. पण कोळशाच्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे, कारण आज ही चर्चा आपण ज्या विजेवर वाचतोय ती बहुतेक कोळशाचीच आहे. देशातली ७० टक्क्यांहून जास्त वीज कोळशातून येते. संध्याकाळी सात वाजता सगळ्या राज्याचे दिवे, पंखे, मिक्सर एकदम चालू होतात तेव्हा ऊन मावळलेलं असतं. त्या वेळी भार उचलतो तो कोळसा आणि कोयनेचं पाणी.

‘स्वच्छ’चा एक साधा अर्थ आमच्या लोकांनी प्रत्यक्षात आणला आहे, त्याची दखल घ्या. जुन्या संचांत कोळशातल्या उष्णतेचा साधारण ३५ टक्के भाग विजेत उतरायचा. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या संचांसारखे सुपरक्रिटिकल संच आले, तिथे वाफेचा दाब आणि तापमान इतकं जास्त असतं की पाणी उकळण्याची वेगळी पायरीच उरत नाही. तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो. मध्य प्रदेशात खरगोनला २०१९ मध्ये देशातला पहिला अल्ट्रा-सुपरक्रिटिकल संच सुरू झाला, तो ४० टक्क्यांच्याही वर जातो. कमी कोळसा म्हणजे कमी राख, कमी वायू. हे काम भाषणाशिवाय झालं.

आता अडचण. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. म्हणजे रेल्वेच्या तीन वाघिणींतली एक निव्वळ राख वाहून आणते. खाणीजवळ कोळसा धुऊन राख ३४ टक्क्यांच्या आत आणायचा नियम लांबच्या केंद्रांना लागू होता, तो २०२० च्या मे महिन्यात काढून टाकला. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. बॉयलरच्या नळ्या राखेने घासून फुटतात. ट्यूब लीकेज झालं की संच बंद, भट्टी थंड होईपर्यंत वाट बघायची, मग वेल्डर आत जातो. अर्धवट थंड झालेल्या भट्टीत शिरलेली माझी माणसं मी पाहिली आहेत. धुतलेला कोळसा ही त्यांच्या जिवाचीही गोष्ट होती.

कृष्णाकाठ_मास्तर

अण्णा, तुमच्यासारख्यांनी लिहावं हीच इच्छा होती. तुमच्या मुद्द्याला सल्फरची बाजू जोडतो. केंद्राने २०१५ च्या डिसेंबरमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत गेली, वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या सुमारे ७८ टक्के केंद्रांना एफजीडीमधून सूट मिळाली. मोठ्या शहरांच्या किंवा अतिप्रदूषित भागांच्या दहा किलोमीटरच्या आत नसलेली ही केंद्रं. भारतीय कोळशात गंधक कमी असतं, असा युक्तिवाद त्यामागे आहे.

बॉयलर_अण्णा (विश्रामबाग, सांगली)

गंधक कमी आहे हे खरंच आहे, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण आपण जाळतो किती! आणि एफजीडीला खर्च आहे, संचाची थोडी वीजही तो खातो, वीजदरात तो दिसणारच. हेही लोकांना सांगा. स्वच्छता फुकट मिळत नाही.

मिरजेची_वैदर्भी

अण्णा, तुम्ही खर्च सांगितला, मी दुसरा खर्च सांगते. माझं माहेर विदर्भातल्या कोळसापट्ट्यात. गावाचं नाव नको. एकीकडे खाण, दुसरीकडे वीज केंद्र. लग्न होऊन मिरजेला आले तेव्हा सासूबाईंना वाटायचं की मला स्वच्छतेचं वेड आहे, कारण उठल्याबरोबर मी खिडकीची फळी पुसायची. माहेरी ती फळी सकाळी पुसली तरी दुपारी बोट फिरवलं की काळं व्हायचं. तुळशीची पानं धुऊनच तोंडात टाकायची. धुतलेल्या पांढऱ्या साड्या घरात वाळवायच्या, बाहेर टाकल्या की राखाडी. कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री असायची, पण फाटकी, आणि शाळेच्या रस्त्यावर खड्ड्याखड्ड्याला चुरा सांडलेला. पावसाळ्यात त्याचा काळा चिखल व्हायचा. वडिलांना दम्याचा त्रास, डॉक्टर म्हणायचे जागा बदला. शेती तिथं, घर तिथं, जागा कुठे बदलणार?

मास्तरांनी टेनेसीच्या राखेच्या तळ्याबद्दल लिहिलं. लांब कशाला जायचं? १६ जुलै २०२२ ला नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राख शेतात आणि नदीत गेली. पश्चिम महाराष्ट्रात याची किती चर्चा झाली?

मला इथल्या लोकांना एवढंच सांगायचं आहे. सांगली-साताऱ्यात कोळशाची खाण नाही, कोळशाच्या वीज केंद्राची चिमणी नाही. वीज तारेतून येते, स्वच्छच दिसते. इथल्या सभेत ‘स्वच्छ कोळसा’ म्हटल्यावर टाळ्या वाजतात, कारण धूळ आमच्या अंगणात पडते. तुमच्या उमेदवाराला हा प्रश्न विचारा की खाणीची जमीन, ट्रकचा रस्ता आणि राखेचं तळं हे सगळं त्या ‘स्वच्छ’मध्ये धरलंय का?

पाटणची_लेक

ताई, डोळ्यांत पाणी आलं. कुठल्याच मोठ्या विजेचा हिशेब ज्यांनी किंमत मोजली त्यांना विचारून झालेला नाही.

माझं आजोळ कोयना धरणाच्या शिवसागराच्या पाण्याखाली आहे. कोयनेची वीज सगळे स्वच्छ म्हणतात, आणि धूर नाही हे खरंच. १९६० मेगावॅटची क्षमता, राज्याला केवढा आधार. पण आजीच्या गावचे लोक उठले ते कुठे रायगड, ठाणे, सोलापूरला विखुरले. कित्येकांच्या जमिनीचा प्रश्न तिसरी पिढी आली तरी सुटलेला नाही. कोयनानगरला उपोषणाला बसलेल्या म्हाताऱ्यांमध्ये माझे मामेआजोबा असायचे. ते गेले, सातबारा काही आला नाही.

नंतर वनकुसवड्याच्या आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. डोंगरी गावांतल्या जमिनी कवडीमोलाने गेल्या, आपण काय विकतोय हे लोकांना नीट सांगितलं गेलं नाही. आता तालुक्यात उदंचन प्रकल्पांची बोलणी चालली आहेत, म्हणजे रिकाम्या वेळेतल्या विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, तंत्र चांगलं आहे. मी विरोधात नाही. पण गावकऱ्यांना आधी कागद मराठीत वाचायला मिळाला पाहिजे, मग सही.

कुपवाड_फाउंड्री

मी छोटा कारखानदार. वडिलांच्या वेळी लोखंड वितळवायला क्युपोला भट्टी होती, हार्ड कोकवर चालायची. भट्टी पेटली की शेजारच्या वस्तीतल्या बायका वाळत घातलेले कपडे गोळा करायला धावायच्या. आम्ही कर्ज काढून विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस घेतली. धूर गेला, कामगारांचा खोकला गेला. पण आता सगळा धंदा विजेच्या दरावर लटकलाय.

वीजबिल हातात घेऊन ‘इंधन समायोजन आकार’ ही ओळ बघा. कोळसा महाग झाला, बाहेरून आणावा लागला, की ती ओळ वाढते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कोळशाचा तुटवडा झाला, २०२२ मध्ये केंद्रांना १० टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितलं गेलं, तेव्हाची बिलं मी अजून जपून ठेवली आहेत. ऑर्डरचा भाव आधी ठरलेला, बिल नंतर येतं. फरक आमच्या खिशातून.

त्यामुळे कार्बन पकडणारं केंद्र येणार म्हणत असाल तर युनिटमागे दर किती वाढणार ते सांगा. केंद्राची चौथा हिस्सा वीज त्यातच जाणार असेल तर तो बोजा शेतकऱ्यावर टाकणार नाहीत, घरगुतीवर टाकताना कचरतील. राहिलो आम्ही.

दख्खनचा_दगड (कराड)

भूगर्भशास्त्र शिकलोय म्हणून एक मुद्दा. पकडलेला कार्बन डायऑक्साइड ठेवायचा कुठे? आइसलँडमध्ये तो पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात. बेसाल्टमधल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी त्याची क्रिया होऊन खडकाच्या फटींत चुनखडीसारखं खनिज तयार होतं, वायूचा दगड होतो. २०१२ पासून तिथे हे चालू आहे. आणि बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण! सह्याद्री सगळा त्याचाच. त्यामुळे दख्खनच्या पठारात कार्बन साठवण्याची कल्पना शास्त्रज्ञांमध्ये गांभीर्याने मांडली जाते.

पण आपल्या जिल्ह्यात थांबून विचार करावा लागेल. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सगळ्यांना ठाऊक आहे. धरणाच्या पाण्याचा भूकंपांशी संबंध असण्याचं जगभर दिलं जाणारं हे उदाहरण. तो नीट समजावा म्हणून कराडला केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे आणि पाटण तालुक्यात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडक तपासले गेले. बेसाल्टचा थर कुठे संपतो आणि खाली ग्रॅनाइट कसा लागतो, हे या भागातून बाहेर काढलेल्या खडकाच्या दंडगोल गाभ्यांत हाताने चाचपून बघता येतं. मी ते नमुने पाहिलेत. बोटभर रुंदीच्या फटी, त्यांत पांढरी हिरवी खनिजं भरलेली. भेगांतल्या पाण्याच्या दाबातला फरक भूकंपाला निमित्त होतो का, हाच तर तिथला अभ्यास आहे. अशा ठिकाणी दाब देऊन काही आत सोडा, असं कुठलाही जबाबदार माणूस म्हणणार नाही. दुसरीकडे जागा सापडेलही, पण तपासायला वर्षं लागतात. निवडणुकीच्या मुदतीत ते बसत नाही.

सातारी_कंदील

सगळं पटतंय, पण मास्तर, झेडपी सदस्याचा आणि कोळशाचा संबंध काय? वीज केंद्रं राज्याची, खाणी केंद्राच्या. त्याला एफजीडी विचारून तो काय करणार? उगाच चांगल्या माणसाची पंचाईत. झेडपीला पाणी, शाळा, दवाखाना विचारा.

कृष्णाकाठ_मास्तर

रास्त प्रश्न. पण विषय व्यासपीठावरून त्यांनीच काढला. ज्या गोष्टीवर मत मागितलं त्या गोष्टीवर प्रश्न विचारायचा मतदाराचा हक्कच आहे.

आणि झेडपीच्या हातात बरंच आहे. शाळा आणि आरोग्य केंद्रांच्या छपरांवर सौर पॅनेल, रस्त्यावरच्या दिव्यांची बिलं, पाणी योजनांच्या पंपांची बिलं. कित्येक गावांत नळयोजना कोरड्या राहतात त्या बिल थकल्याने. बांधकामात राखेच्या विटा वापरायच्या की नाही हेही ठरवता येतं. अण्णा सांगतील, राख सिमेंटमध्ये आणि विटांत गेली तर तळ्यात कमी साचते.

बॉयलर_अण्णा (विश्रामबाग, सांगली)

हो. कोरडी राख थेट सायलोतून, म्हणजे साठवणीच्या टाकीतून, सिमेंटवाल्याकडे जाते ती सर्वांत चांगली. एकदा पाण्यात कालवून तळ्यात सोडली की तिचा उपयोग घटतो आणि धोका वाढतो. वैदर्भी ताईंच्या गावासाठी सर्वांत लवकर फरक पाडणारी गोष्ट हीच आहे. कार्बन पकडायला वीस वर्षं लागोत, राख आज उचलता येते.

जतचा_दुष्काळी

आमच्याकडचं ऐका. म्हैसाळचं पाणी कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचलत जतपर्यंत आणायचं, तेही विजेवर. टेंभू, ताकारीचं तेच. पूर्वी बिल थकलं की पंप बंद, पिकं उभी वाळायची. आता बिलाचा ८१ टक्के वाटा सरकारने आणि १९ टक्के आम्ही उचलायचा असं सूत्र आहे. म्हणजे चंद्रपूरकडे कोळसा जळतो तेव्हा जतच्या डाळिंबाला पाणी मिळतं. वैदर्भी ताईंचं वाचून हे पहिल्यांदा असं जोडून बघितलं.

आमच्या माळावर ऊन म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये दगड तडकतात. म्हैसाळ योजनेसाठी तालुक्यात सौर प्रकल्प करायचं ठरलं आहे, शेतीच्या फीडरसाठी, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या लाइनीसाठी, सौर कृषी वाहिनीची कामं चालू आहेत. जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख मिळतात. जिरायती माळाला एवढं कोण देतं? पण गायरान जातं तिथे मेंढपाळांची पंचाईत होते, त्यांची कुरणं गेली. धनगरवाड्यावर जाऊन कुणी विचारत नाही.

रेठऱ्याच्या भावाला सांगतो, आमच्या शेजारच्या फीडरवर सौर वीज सुरू झाली आणि दिवसा मोटर चालते. सकाळी नऊला पाणी सुरू, पाचला घरी. बायकाही आता पाणी पाजतात, आधी रात्री त्यांना जाता यायचं नाही.

रेठऱ्याचा_ऊसवाला

दादा, पावसाळ्यात आभाळ भरलं की काय होतं?

जतचा_दुष्काळी

आमच्याकडे पावसाळ्यात आभाळ भरतं कुठे, हीच तर रड आहे. पण गंमत सोडा. आभाळाच्या दिवशी जुन्या लाइनीवरूनच वीज घेतात, फीडर जोडलेलाच असतो. आणि ज्या दिवशी पाऊस आहे त्या दिवशी मोटर लागतच नाही.

बॉयलर_अण्णा (विश्रामबाग, सांगली)

याला जोडून सांगतो. पवनचक्क्या जास्त फिरतात त्या जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऊन कमी असतं तेव्हा. आणि दिवसाची शेतीची मागणी उन्हावर गेली की कोयनेचं पाणी संध्याकाळसाठी राखता येतं. ते पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, धरण भरलं नाही, तेव्हा वीज की सांगलीचं सिंचन यावरून दोन जिल्ह्यांत किती ताणाताणी झाली ते आठवा. मी आयुष्यभर कोळसा जाळला, आणखी बरीच वर्षं तो लागेल असं माझं मत आहे. पण नवीन पैसा आला तर आधी तो दिवसाच्या शेतीच्या विजेवर घाला, आणि आहेत त्या केंद्रांची राख आणि गंधक आवरा. कार्बन पकडण्याच्या गोष्टी केंद्र सरकारच्या एनटीपीसी कंपनीच्या विंध्याचल केंद्रात छोट्या प्रमाणावर चालल्यात, दिवसाला वीस टन. तो प्रयोग म्हणून उत्तम. पण प्रयोगावर मत मागू नये.

पाटणची_लेक

मास्तर, एक विचारू? त्या अमेरिकेतल्या संघटनेचं पुढे काय झालं? निवडणूक झाल्यावर गप्प बसले का?

कृष्णाकाठ_मास्तर

नाही. २००९ मध्ये त्यांच्या संसदेत कार्बनवर मर्यादा घालणारं विधेयक आलं. तेव्हा व्हर्जिनियातल्या एका खासदाराला स्थानिक संस्थांच्या नावाने विरोधाची पत्रं गेली. त्यांत अल्पसंख्याकांसाठी काम करणाऱ्या संस्था होत्या. चौकशीत निघालं की ती पत्रं बनावट होती, त्या संघटनेसाठी कंत्राटावर काम करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने लिहिलेली. ज्यांच्या नावाने पत्र गेलं त्यांना पत्ताच नव्हता. विधेयक खालच्या सभागृहात थोडक्यात मंजूर झालं, वरच्यात अडकून पडलं.

हे वाचल्यापासून मला ग्रामसभेच्या ठरावांची फार काळजी वाटते. आपल्याकडे ठराव झाला असं कागदावर असतं आणि गावात विचारलं तर कुणाला ठाऊक नसतं. पाटणच्या लेकीने म्हटलं तसं, कागद मराठीत आणि सभेत मोठ्याने वाचून झाला पाहिजे. वीज कुठलीही असो.

मिरजेची_वैदर्भी

सर, माझ्या माहेरच्या जनसुनावणीची आठवण झाली. अहवालाचा जाडजूड गठ्ठा इंग्रजीत, मराठीत चार पानं. सुनावणी ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत. आमच्या गावच्या बायका तरी गेल्या, मजुरी बुडवून. माझी काकू माईकवर उभी राहिली आणि विहिरीच्या पाण्याची बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली. ‘प्या’ म्हणाली. कुणी प्यायलं नाही, पण बाटलीची नोंद इतिवृत्तात यावी म्हणून ती अडून बसली. नोंद झाली.

सातारी_कंदील

ताई, काकूंना नमस्कार सांगा.

बरं मास्तर, पटलं. शुक्रवारी आमच्या गटात दोन्ही पॅनेलच्या सभा आहेत. काय विचारायचं ते नेमकं सांगा, मी चिठ्ठी देतो. लांबलचक नको, निवेदक वाचत नाहीत.

कृष्णाकाठ_मास्तर

हे द्या: ‘आपण स्वच्छ कोळशाबद्दल बोललात. राख, गंधक आणि कार्बन यांपैकी काय आवरणार, कुठल्या केंद्रात, आणि त्याने बिल किती वाढणार? आमच्या गटातल्या शेतीच्या फीडरना दिवसा वीज कधी मिळणार, त्यासाठी जमीन कुठली घेणार आणि त्यावर ग्रामसभा कधी होणार?’

खाली नाव-गाव लिहा. निनावी चिठ्ठीला उत्तर मिळत नाही.

रेठऱ्याचा_ऊसवाला

माझंही नाव घाला. फीडरचं नाव बिलावर असतंय ना? ते पण लिहा चिठ्ठीत, म्हणजे ‘माहिती घेतो’ म्हणून सुटायला नको.

जतचा_दुष्काळी

शेतीपंपाच्या बिलावर नाही सापडलं तर उपकेंद्रात ऑपरेटरला विचारा, तो लगेच सांगतो. सौरवर घ्यायच्या यादीत तो फीडर आहे का हेही त्याच वेळी विचारून घ्या. शुक्रवारच्या आत.

रेठऱ्याचा_ऊसवाला

उद्या सकाळीच जातो. आज रात्रीची पाळी आहे.